फोनमधली कुजबुज

आमच्या कपाटाच्या खालच्या खणात एक जुना मोबाईल फोन पडून आहे. त्याची काच एका कोपऱ्यापासून तडकलेली आहे आणि त्याच्या पोटात आता एका छायाचित्रालाही जागा उरलेली नाही. जुना द्या नि नवा घ्या, अशा कुठल्याशा योजनेत तो देऊन टाकण्याचा घाट मध्यंतरी घरातल्या मुलांनी घातला. देण्यापूर्वी आतले सारे पुसून टाकावे लागते, असे त्यांनी सांगितले. पुसण्याआधी एकदा ऐकून घ्यावे म्हणून एका रविवारी मिस्साहून परतल्यावर आम्ही दोघी तो घेऊन ओटीवर बसलो. जून २०२० पासून पुढच्या दोन वर्षांतले मुलांचे शेकडो आवाज त्यात साठलेले आहेत. कुणी कविता म्हटली आहे, कुणी पाढे, कुणी बटण दाबून नुसताच खोकला आहे.

त्यांतला एक आवाज पहिलीतल्या एका मुलाचा, ऑक्टोबर २०२० मधला. आम्ही हाताने लिहून पाठवलेला चार ओळींचा पाठ तो वाचतो आहे. आवाज खणखणीत, कुठे अडखळणे नाही. पण नीट कान दिला तर प्रत्येक शब्दाच्या किंचित आधी दुसरा एक आवाज ऐकू येतो. दबलेला, घाईचा, नुसत्या श्वासावर बोललेला. तो आवाज शब्द पुरवतो आहे आणि मुलगा ते उचलतो आहे. त्याखाली आमचे उत्तर आहे: एक पिवळा तारा आणि ‘शाब्बास! छान वाचलेस.’

ती कुजबुज आम्हांला तेव्हा ऐकू आली नव्हती, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नव्हे. ऐकू आली होती. रात्रीचे साडेदहा वाजले होते, अजून सतरा मुलांचे निरोप ऐकायचे होते, आणि आम्ही पुढे गेलो.

आम्ही दोघी जावा. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत आम्ही शिकवतो. थोरलीकडे पहिलीचा वर्ग, धाकटीकडे दुसरीचा. त्यामुळे एकीच्या हातून निघालेले मूल वर्षाने दुसरीच्या हाती येते. घरातही तोच प्रकार. एकीने निवडलेली भाजी दुसरी फोडणीला टाकते. चूक झाली तर ती फार दिवस लपून राहत नाही, आणि ती कुणाची यावरून स्वयंपाकघरात दोन शब्दही होतात. वाचकांनी पुढचे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या, तेव्हा ‘पंधरा दिवसांनी भेटू’ असे सांगून आम्ही मुलांना घरी पाठवले होते. पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास राज्यात परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. जानेवारीत पुन्हा कुलूप लागले आणि २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा ते काढण्याची मुभा मिळाली. मधल्या काळात एक सबंध तुकडी अशी होऊन गेली, की तिने पहिलीचे वर्ष पुरे केले, पण पहिलीच्या वर्गाचा उंबरा ओलांडला नाही.

शिकवणे सुरू तर करायचे होते. आमच्या स्वयंपाकघरातच वर्ग भरू लागला, कारण नेटवर्क तिथल्या खिडकीशीच मिळे. फ्रिजमधला पारदर्शक कप्पा काढून तो दोन उंच डब्यांवर आडवा ठेवायचा, त्यावर फोन पालथा घालायचा आणि खाली पाटी. म्हणजे अक्षर गिरवणारा हात मुलांना वरून दिसे. ही युक्ती आमची नव्हे. महाराष्ट्रात तेव्हा अनेक शिक्षिकांनी ती केली. सासूबाई वर्गाच्या वेळी कुकर लावत नसत. शेजारचा कोंबडा मात्र कुणाचे ऐकत नसे, आणि त्याच्या आरवण्याला पडद्यावरच्या दहा घरांतून उत्तर मिळे.

खरी अडचण निराळीच होती. पटावरच्या निम्म्याहून अधिक घरांत एकच फोन होता आणि तो वडिलांच्या खिशात असे. कुणी भाजीचा टेम्पो घेऊन पहाटे मुंबईकडे निघे, कुणी रुग्णालयात कामाला, कुणी दुधाच्या फेरीवर. फोन घरी येई संध्याकाळी. म्हणून आम्ही वर्ग संध्याकाळी सातला घेऊ लागलो. सहा वर्षांची मुले त्या वेळी पेंगुळलेली असत. एकदा एक मुलगी ‘ग’ म्हणता म्हणता तशीच आडवी झाली, आणि अर्धा तास आम्हांला तिच्या घराचे छप्पर तेवढे दिसत राहिले.

पडदा मुलांना कसा दिसतो याचेही आम्हांला ज्ञान नव्हते. फोनमध्ये आपले अक्षर आपल्याला आरशातल्यासारखे उलटे दिसे. थोरली पहिले दोन दिवस घाबरून ‘क’ मुद्दाम उलटा काढीत होती. तो मुलांना खरोखरच उलटा दिसत होता. पुढे धर्मग्रामातला धर्मशिक्षणाचा वर्गही फोनवर भरू लागला, तेव्हा असाच घोटाळा झाला. शिकवणाऱ्या ताई पडद्यावर उजव्या हाताने क्रूसाची खूण करीत. चिमुरडी मुले समोर आरसा असल्याप्रमाणे डाव्या हाताने करीत. मोठे झालेले मूल असा उलटा विचार मनातल्या मनात करू शकते. सहा वर्षांच्या मुलाला त्याचा हात धरून वळवून द्यावा लागतो. एरवी चर्चच्या मागच्या खोलीत ते काम दोन क्षणांत उरकते. फोनवर हात धरता येत नाही. पुढे मुले चर्चमध्ये परतली तेव्हा पहिल्या बाकावरचे पाच-सहा डावे हात पाहून आमच्या सासूबाई जपमाळ विसरून हसल्या होत्या.

हाताची ही गोष्ट आम्हांला पुढे फार जाणवत गेली. पेन्सिल कशी धरावी हे चित्रफितीत दिसते, पण किती दाबावी हे दिसत नाही. वर्गात मूल पेन्सिल फार आवळून धरते तेव्हा त्याच्या बोटांच्या पेरांचा रंग बदलतो, आणि आम्ही नुसते बोटावर बोट ठेवले की मूठ सैल होते. ‘श’ आणि ‘स’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक मूल आमच्या ओठांकडे आणि जिभेकडे पाहून उचलते. फोनच्या भोंग्यातून ते सारे एकाच शिट्टीत विरघळून जाई. शिवाय शाळेत मूल जेवढे आमच्याकडून शिकते, तेवढेच शेजाऱ्याच्या पाटीत डोकावून शिकते. त्याला आम्ही एरवी नक्कल म्हणून दटावतो. दोन वर्षे कुणाच्या पाटीत डोकावायला मिळाले नाही, तेव्हा त्या डोकावण्याची किंमत आम्हांला कळली.

सरकारी यंत्रणा अगदी स्वस्थ बसली होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बालभारतीच्या पुस्तकांवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या खुणेवर फोन धरला की दीक्षा ॲपवरचे पाठ उघडत. ज्या घरी इंटरनेट नव्हते पण दूरदर्शन होते, त्यांच्यासाठी २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिलीपासून आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या त्या मालिकेत घरातल्या, परसातल्या वस्तूंतून शिकवीत, आणि ती आम्हांला मनापासून आवडली. तरी आमच्या मुलांची भाषा हा एक प्रश्न राहिलाच. आमच्याकडे घरोघर सामवेदी बोलतात, कुठे वाडवळी. वाड्यांवर मजुरीला आलेल्या कुटुंबांत वारली. वर्गात आम्ही एक वाक्य पुस्तकातल्या मराठीत बोलतो, मुलांचे चेहरे पाहतो आणि तेच दुसऱ्यांदा घरच्या बोलीत सांगतो. हे आम्ही आयुष्यभर इतके सहज केले, की ते शिकवण्याचा भाग आहे हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. दूरदर्शनला समोरचे चेहरे दिसत नाहीत.

आता एक कबुली. २०२० च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने ‘प्रज्ञाता’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तीत बालवाडीच्या वयाला दिवसाकाठी फार तर अर्धा तास सांगितला होता, आणि तोही पालकांशी बोलण्यासाठी. त्याच महिन्यात राज्य सरकारने जो आदेश काढला त्यात पहिली-दुसरीसाठी तीस मिनिटांची दोन सत्रे होती. त्यांतली पंधरा मिनिटे पालकांशी संवाद व मार्गदर्शन यांसाठी आणि पंधरा मिनिटे मुलांना कृतीतून शिकवण्यासाठी राखावीत, असे त्यात म्हटले होते. आम्ही तो आदेश वाचला, मिनिटांची बेरीज केली आणि सारा वेळ मुलांना शिकवण्यात घातला. पालकांशी काय बोलायचे? ‘फोन सरळ धरा’ आणि ‘मागचा टीव्ही बंद करा’ याखेरीज आम्ही त्यांच्याशी काही बोललो नाही.

याला धक्का दिला तो एका बाईने. एका बागायतदाराच्या वाडीत झोपडी बांधून राहणारे वारली कुटुंब होते. मुलगी पहिलीत. मालकाच्या घरचा फोन त्यांना संध्याकाळी अर्ध्या तासापुरता मिळे. एकदा आम्ही त्या मुलीची पाटी पाहायला मागितली, तर पडद्यावर एकीऐवजी दोन पाट्या आल्या. दुसरीवरचे ‘म’ जरा थोराड, जोर लावून काढलेले होते. ‘ही कुणाची?’ असे विचारल्यावर बराच वेळ काही उत्तर आले नाही. मग मुलगी म्हणाली, “आयेची.” ती बाई कधी शाळेत गेली नव्हती. फोन हातात धरून बसावे लागते तर आपणही गिरवावे, असे तिने ठरवले होते. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात सर्वांत पक्की अक्षरे कुणाची होती, असे कुणी विचारले तर आम्ही त्या मुलीचे नाव घेऊ. कारण तिच्या घरी दिवसाचे उरलेले साडेतेवीस तास एक शिकणारे माणूस तिच्या शेजारी होते.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. फोनवरून आम्ही जे शिकवत होतो ते मुलापर्यंत थेट पोहोचतच नव्हते. ते पोहोचत होते मुलाच्या शेजारी बसलेल्या माणसापर्यंत. आई असेल, आजी असेल, मोठे भावंड असेल. त्या माणसाने ते उचलले आणि आपल्या हाताने, आपल्या बोलीत मुलाला दिले, तर मूल शिकत होते. ज्या मुलाशेजारी कुणी बसू शकत नव्हते, त्याच्यासाठी आमचा वर्ग म्हणजे एक बोलते चित्र होते.

शेजारी बसणारी माणसे घडवायची तर त्यांना भेटायला हवे. म्हणून निर्बंध सैल झाल्यावर डिसेंबर २०२० पासून आम्ही शनिवारी वाडीवाडीतून फिरू लागलो. आमच्याकडे वाटेच्या वळणावर क्रूस असतो आणि त्याला ओटा असतो. त्या ओट्याभोवती अंतर ठेवून सात-आठ मुले बसत, त्यांच्या मागे त्यांच्या आया. पाऊण तास अक्षरे, बिया, खडे. नंतर पंधरा मिनिटे आयांशी: या आठवड्यात फोनवर काय येईल, ते आल्यावर मुलाला काय विचारायचे, आणि मुख्य म्हणजे काय सांगायचे नाही. संमिश्र अध्ययन हा भारदस्त शब्द आमच्या कानी बऱ्याच उशिराने आला. तोवर आठवडाभर फोन आणि शनिवारी ओटा असा आमचा संसार चालू झाला होता.

त्या ओट्यावर बसताना आम्हांला आमच्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या उद्योगाची आठवण होई. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वाड्यापाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहिल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्याचे त्यांनी ठरवले. त्या अंगणातल्या शाळेचे नाव अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तो अंगणवाडी शब्द देशभर गेला. अध्यापिका विद्यालयात असताना परीक्षेपुरते हे सारे आम्ही पाठ केले होते. शाळा घरी न्यायची तर घरातल्या माणसांशी आधी सोयरीक जुळवावी लागते, हे त्यातले मर्म आम्ही पाठ केले नव्हते, कारण त्यावर प्रश्न येत नसे.

फोनने काही दिलेच नाही, असे मात्र कुणी समजू नये. दुसरीत एक मुलगी होती. २०१९ मध्ये ती पहिलीत असताना वर्षभर तिने वर्गात तोंड उघडले नव्हते. हजेरीलाही नुसता हात वर करी. तिचे ध्वनिनिरोप रात्री नऊनंतर येऊ लागले. पांघरुणात शिरून बोलत असावी, कारण आवाज कोंदट असे. कोंबडीने अंडी कुठे लपवली, आजीचा दात कसा पडला, असे सगळे ती सांगे. तिला चाळीस चेहऱ्यांसमोर बोलायचे नव्हते. एका कानात बोलायचे होते. तिच्या आजीनेही मग एकदा लग्नातले जुने गाणे आमच्यासाठी म्हटले. शाळेच्या चार भिंतींत ते गाणे आमच्या वाट्याला कधी आले असते?

शाळा उघडली तो दिवस आम्ही विसरणार नाही. मुखपट्ट्या लावलेली मुले एकेका बाकावर एक अशी बसली होती. काही पालकांनी संमतिपत्र दिले नव्हते. त्यांची मुले घरून फोनवर. म्हणजे एक डोळा वर्गाकडे, एक पडद्याकडे. हा प्रकार मात्र फसला. समोरचे मूल पाटी दाखवायला उठले की फोनमधले ओरडे, “टीचर, मी!” आणि कुणालाच टीचर पुरत नसे. दोन आठवड्यांत आम्ही ते बंद करून घरच्या मुलांना संध्याकाळी वेगळे घेऊ लागलो. त्या पहिल्या दिवशी एक मुलगा मात्र धाकटीकडे वरून खाली पाहत राहिला आणि मोठ्या आश्चर्याने म्हणाला, “टीचर, तुम्हांला पाय पण आहेत!”

त्याच आठवड्यात तो दुसरा मुलगा समोर आला, कुजबुजीवर वाचणारा. आता तो दुसरीत होता. प्रगतिपुस्तकात ‘वाचन: चांगले’ असा थोरलीच्या हातचा शेरा. धाकटीने पहिलीचे पुस्तक उघडून दिले. त्याने चित्र पाहिले आणि पाठ घडाघड म्हणून दाखवला. तिने चित्रावर तळहात ठेवला आणि खालची एक ओळ वाचायला सांगितली. तो गप्प झाला. मग त्याने हळूच मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

त्या संध्याकाळी घरी व्हायचे ते झाले. “जाऊबाई, तुम्ही याला पुढे पाठवलात कसा?” असे धाकटीने विचारले. थोरली म्हणाली, “सरकारने सगळ्यांनाच पाठवले.” ते खरे होते, एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वर घालण्याचा निर्णय झाला होता. “पण शेरा सरकारने लिहिला नाही,” धाकटी म्हणाली. दोघी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी थोरलीने तो फोन काढला आणि जुलै २०२१ मधले निरोप लावले. १ जुलैपासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला होता, आणि त्याच्या चाचण्या धाकटीनेच फोनवर घेतल्या होत्या. त्या मुलाच्या चाचणीतही तीच कुजबुज होती. खाली धाकटीचा तारा. त्यानंतर आमच्यात तो वाद पुन्हा निघाला नाही.

आम्ही त्याच्या घरी गेलो. कुजबुज करणारी त्याची बहीण निघाली. तेव्हा ती पाचवीत होती. आई म्हणाली, “टीचर, बाकीच्यांना तारे मिळत नि याला मिळत नसत, तेव्हा हा रात्री जेवायचा नाही. म्हणून ती सांगायची.” त्यात लबाडी नव्हती. ताऱ्यांचा खेळ आम्हीच मांडला होता, आणि तो साऱ्या पालकांच्या डोळ्यांदेखत एकाच गटात मांडला होता.

निघता निघता आई आणखी एक गोष्ट बोलली, आणि ती आम्हांला आजही बोचते. त्या मुलीच्या शाळेचा गणिताचा तासही संध्याकाळी सातलाच असे. घरात फोन एक. धाकट्याचा पहिला वर्ग म्हणून तिने आपला तास सोडला. एक-दोन दिवस नव्हे, ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत. तिची पाचवी जानेवारी २०२१ च्या अखेरीस प्रत्यक्ष सुरू झाली, तेव्हा वर्गात अपूर्णांक होऊन गेले होते. आम्ही सातची वेळ ठरवली तेव्हा वडिलांचा फोन घरी केव्हा येतो हे विचारले होते. त्या फोनवर घरात आणखी कुणाचा हक्क आहे, हे विचारले नव्हते.

मुलाला वाचता यायला नऊ-दहा महिने लागले. शाळा सुटल्यावर धाकटी त्याला पायरीवर घेऊन बसे. त्याच्या नावातल्या अक्षरांपासून आरंभ. गोष्टी त्याला खूप येत होत्या, शब्दही भरपूर होते. डोळा आणि अक्षर यांचीच तेवढी ओळख नव्हती. तो एकटाच तसा होता असेही नव्हे. देशातल्या ग्रामीण भागाच्या ‘असर’ पाहणीत तिसरीतली जी मुले दुसरीचा उतारा वाचू शकत, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये ते पुन्हा २७ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. पोहोचले खरे, पण त्या आकड्यातली मुले बदललेली आहेत. २०२२ ची तिसरी पुन्हा कधी तिसरीत बसली नाही. मुलाच्या बहिणीला गणित शिकवायला आम्ही दोन वर्षे रविवारी बोलावले. गेलेले सारे परत आले, असे आम्ही म्हणणार नाही.

फोन आजही आमच्या शाळेत आहे. पावसाच्या इशाऱ्याने सुट्टी जाहीर झाली, की त्यावर आयांसाठी तीन मिनिटांचा निरोप जातो, सामवेदीत आणि पुस्तकी मराठीत: आज मुलाला काय विचारा, उत्तर येईपर्यंत किती थांबा. वाचनाचा शेरा मात्र आम्ही फोनवरून देत नाही. मूल समोर, पान नवे, चित्रावर तळहात. तारे बंद केले. याहून पुढे आमच्या दोघींचे एकमत नाही. थोरलीला वाटते, आठ वर्षांखालच्या मुलाच्या हाती पडदा जाताच कामा नये, निरोप आईने ऐकावा आणि फोन फळीवर ठेवावा. धाकटीला ती पांघरुणातली मुलगी आठवते. ही चर्चा भांडी घासताना अजून चालते.

फोनमधले आवाज ऐकून झाल्यावर आम्ही त्या बहिणीला बोलावून घेतले. ती आता दहावीला आहे. निरोप लावला. स्वतःची कुजबुज ऐकून ती आधी लाजली, मग तोंडावर हात ठेवून हसली. अखेरच्या ओळीला मात्र तिने मान वर केली.

“टीचर, इथे तुम्ही ‘तळे’ लिहिलं होतं ना? मी त्याला ‘बावखल’ सांगितलं.”

आम्ही पुन्हा लावून ऐकले. खरेच, तो मुलगा ‘बावखलात बदक आहे’ असे खणखणीत म्हणत होता. पाठ आमच्याच हातचा होता. शब्द बदललेला आम्हांला त्या रात्री कळला नव्हता, आणि आज ऐकतानाही नव्हता.

“का ग बदललास?”

“तळं त्याला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “बावखल घराच्या मागेच आहे. मी त्याला आधी खिडकीतून दाखवलं, नि मग सांगितलं.”

जाताना तिने विचारले, तो निरोप तिच्या फोनवर पाठवता येईल का.